पडदा काळा, बाण मात्र हलतो: गावचा लिनक्स संगणक शहरातून का दिसत नाही?

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा-अपडेट थांबवली. त्याच आठवड्यात दिवाळी सुरू झाली. मी देवगडजवळच्या आमच्या गावी गेलो, तेव्हा काकांनी पहिला प्रश्न संगणकाचाच विचारला. त्यांची आंब्याची सगळी लिखापढी त्या एका यंत्रात आहे: कुणाला किती पेट्या गेल्या, कुणाचे पैसे यायचे, पेटीवर चिकटवायची लेबलं. यंत्र धडधाकट होतं, पण विंडोज ११ त्यावर चढेना. त्याला टीपीएम २.० नावाची सुरक्षा-व्यवस्था आणि ठरावीक पिढीपुढचा प्रोसेसर लागतो, आणि काकांच्या यंत्रात दोन्ही नव्हतं. चालतं यंत्र भंगारात घालणं मला पटलं नाही. मी त्यावर विंडोजऐवजी लिनक्सची उबंटू २४.०४ ही आवृत्ती बसवली, काकांना दोन दिवस शिकवलं आणि कणकवलीहून गाडी धरून ठाण्याला परतलो.

मार्चमध्ये पहिल्या पेट्या भरायला लागल्या आणि फोन आला. लेबलं छापली जात नव्हती. 'थांबा, मी इथून बघतो,' असं म्हणून मी रिमोट डेस्कटॉपचं सॉफ्टवेअर उघडलं. रिमोट डेस्कटॉप म्हणजे दूरच्या संगणकाचा पडदा आपल्या पडद्यावर पाहायचा आणि आपल्याच माऊस-कीबोर्डने तो चालवायचा. काकांनी त्या सॉफ्टवेअरमधला जोडणीचा आकडा सांगितला, मी तो टाकला, त्यांनी 'स्वीकारा' दाबलं. जोडणी झाली. आणि माझ्यासमोर काळाकुट्ट पडदा उभा राहिला. त्यावर फक्त माझ्या माऊसचा बाण हलत होता.

'काका, काय दिसता तुमका?'

'माका हयसर सगळा बरोबर दिसता. तुका कित्याक दिसना नाय?'

या प्रश्नाचं उत्तर मला तेव्हा नीट देता आलं नाही. मी इंटरनेटला दोष दिला, राऊटर बंद-चालू करायला लावला, सॉफ्टवेअर काढून परत घालायला सांगितलं. तासभर त्या माणसाला मी उगाच नाचवलं, तेही हंगामात. दोष यांपैकी कशातच नव्हता. गेल्या वर्षभरात गावच्या जुन्या यंत्रावर लिनक्स बसवणाऱ्या बऱ्याच चाकरमान्यांच्या वाट्याला हाच काळा पडदा आला असणार, म्हणून तो काय असतो ते इथे सविस्तर सांगतो.

## होडी पोचली, दार उघडलं नाही

दाभोळहून धोपाव्याला फेरीबोटीने गेलेल्यांना हे लगेच कळेल. खाडीपलीकडच्या कुणाच्या घरी जायचं तर दोन गोष्टी जमाव्या लागतात. फेरीबोट चालू हवी, आणि पलीकडे उतरल्यावर त्या घराचं दार कुणी तरी उघडायला हवं. रिमोट डेस्कटॉपचंही असंच आहे. तुमचा संगणक आणि गावचा संगणक यांच्यामधली जोडणी ही फेरीबोट. गावच्या संगणकाने आपला पडदा तुम्हाला दाखवणं हे दार.

जोडणीच होत नसेल, नुसतं 'कनेक्ट होत आहे' असं फिरत राहत असेल, तर बोट बंद आहे. तिथे इंटरनेट, राऊटर, वीज यांकडे बघा. पण जोडणी झाली, समोर 'स्वीकारा' दाबलं गेलं आणि तरीही पडदा काळा असेल, तर बोट धक्क्याला लागलेली आहे. राऊटर शंभरदा बंद-चालू केला तरी दार उघडणार नाही. बाण हलतो म्हणून आपण फसतो. तो बाण बऱ्याचदा आपल्याच बाजूचं सॉफ्टवेअर काढत असतं, पलीकडे काहीच हललेलं नसतं.

हे दार लिनक्समध्ये दोन प्रकारचं असतं. काकांच्या संगणकाला नवीन प्रकारचं होतं आणि माझं सॉफ्टवेअर जुन्या प्रकारचं दार ठोठावत होतं.

## पडद्यावर चित्र काढतो कोण?

आपण ब्राउझर उघडतो, हिशेबाची फाइल उघडतो, तेव्हा ती खिडकी पडद्यावर आपोआप उमटत नाही. प्रत्येक प्रोग्राम आपापलं चित्र तयार करतो. ती सगळी चित्रं एकावर एक नीट रचून पडद्यावर मांडायची, आणि माऊसची टिचकी किंवा कीबोर्डचं अक्षर कोणत्या खिडकीला पोचवायचं ते ठरवायचं, हे काम एक मधला कारभारी करतो. त्याला डिस्प्ले सर्व्हर म्हणतात. मी त्याला कारभारीच म्हणणार आहे.

विंडोजमध्ये हा कारभारी मायक्रोसॉफ्टचा, एकच. आपल्याला त्याचं नावही माहीत नसतं. लिनक्समध्ये मात्र कारभाऱ्याच्या दोन पद्धती सध्या शेजारी शेजारी नांदतात. जुनी एक्स११, नवी वेलँड.

## जुनं घर: कुठल्याच खोलीला दार नाही

एक्स ही पद्धत १९८४ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत जन्मली. तिची अकरावी आवृत्ती सप्टेंबर १९८७ मध्ये आली आणि तिचाच वंश आजवर चालतो, म्हणून नावात ११. तो काळ वेगळा होता. एका विद्यापीठातली माणसं एकाच जाळ्यावर काम करत, आणि एका यंत्रावर चालणारा प्रोग्राम दुसऱ्या यंत्राच्या पडद्यावर दिसावा हा तर एक्सचा मूळ उद्देशच होता. दूरवरून वापरण्यासाठीच ती जन्मली, असं म्हटलं तरी चालेल. म्हणून दूरवरून पडदा पाहणारी सॉफ्टवेअरं तिच्यावर सहज रुजली.

पण सगळे एकमेकांना ओळखतात हे तिने गृहीत धरलं होतं. आमच्या जुन्या घरासारखं. खळ्यातून पडवीत, पडवीतून माजघरात, माजघरातून थेट चुलीपाशी, मध्ये कुठे कडी नाही. वाडीतलं कुणीही सरळ आत येऊन चुलीवर काय शिजतंय ते बघावं.

एक्स११ मध्ये एका प्रोग्रामला दुसऱ्या प्रोग्रामची खिडकी बघता येते, अख्ख्या पडद्याचा फोटो घेता येतो, दुसऱ्या खिडकीत टाइप होणारं प्रत्येक अक्षर टिपता येतं, इतकंच काय, तुमच्या वतीने खोटी टिचकीही मारता येते. त्यासाठी कुणाला विचारावं लागत नाही. रिमोट डेस्कटॉपला यांतल्याच गोष्टी हव्या असतात. पासवर्ड चोरणाऱ्या प्रोग्रामलाही यांतल्याच हव्या असतात. दोघांतला फरक एक्स११ ला कळत नाही, कारण तो विचारायची सोयच तिच्यात नाही.

## नवं घर: खोल्यांना कड्या, पाहुण्यासाठी पडवी

२००८ मध्ये क्रिस्टियन होग्सबर्ग या प्रोग्रामरने वेलँडची सुरुवात केली. मॅसॅच्युसेट्स राज्यात याच नावाचं एक गाव आहे, त्यावरून हे नाव.

वेलँडमध्ये प्रत्येक प्रोग्रामला आपली खोली मिळते आणि दार बंद असतं. प्रोग्रामला फक्त स्वतःची खिडकी दिसते. आपली खिडकी पडद्यावर नेमकी कुठे मांडली आहे हेसुद्धा कारभारी त्याला सांगत नाही. शेजारच्या खिडकीत काय आहे, तिथे कोण काय टाइप करतंय, हे विचारण्याचा मार्गच ठेवलेला नाही.

आता अशा घरात जुन्या सवयीचं रिमोट सॉफ्टवेअर येतं आणि 'अख्खा पडदा दाखव' म्हणतं. कारभारी म्हणतो, तुझी खोली तुला दाखवली. त्या खोलीत काहीच नसतं. तोच आपला काळा पडदा. काही सॉफ्टवेअरं प्रामाणिकपणे 'हा डिस्प्ले सर्व्हर चालत नाही' असा निरोप देतात, काही नुसताच अंधार दाखवतात. निरोप देणारी मला आवडतात. माणसाचा तास वाचतो.

मग वेलँडवर दूरवरून पडदा पाहायचाच नाही का? पाहता येतो, पण पडवीतून. या पडवीला पोर्टल म्हणतात. रिमोट सॉफ्टवेअर पडवीत येऊन थांबतं आणि मागणी करतं. कारभारी आत जाऊन घरमालकाला, म्हणजे संगणकासमोर बसलेल्या माणसाला, विचारतो: अमुक एकाला तुमचा पडदा बघायचा आहे, दाखवू का? माऊस-कीबोर्डही द्यायचा का? 'हो' आलं की चित्र एका ठरलेल्या नळातून पडवीत आणून दिलं जातं. या नळाचं नाव पाइपवायर. ज्या सॉफ्टवेअरला पडवीत थांबून विचारायची रीत शिकवली आहे, ते वेलँडवर चालतं. ज्याला अजून शिकवलेली नाही, ते चालत नाही. सगळा घोळ या एका वाक्यात आहे.

## 'अर्धं दिसतं, अर्धं नाही' हे काय?

काळ्या पडद्यापेक्षाही हा प्रकार जास्त चक्रावून टाकतो. एखादी जुनी खिडकी नीट दिसते, तिच्यावर टिचकीही लागते, पण बाकी पडदा काळा. किंवा बाण ठरावीक खिडकीवर गेला की जिवंत होतो आणि बाहेर आला की मेल्यासारखा.

नव्या घरात जुन्या पाहुण्यांसाठी एक जुन्या पद्धतीची खोली राखून ठेवलेली असते. तिला एक्सवेलँड म्हणतात. वेलँडची रीत ठाऊक नसलेले जुने प्रोग्राम तिच्यात राहतात, आणि त्या खोलीत एकमेकांना बघायला मोकळीक असते. तुमचं रिमोट सॉफ्टवेअरही जुनं असेल तर त्याला त्याच खोलीत उतरवलं जातं. मग त्याला खोलीतले सोबती दिसतात, भिंतीपलीकडचं घर दिसत नाही. म्हणून अर्धवट पडदा दिसला तर तो बिघाड समजू नका. यंत्र वेलँडवर आहे आणि सॉफ्टवेअर एक्सवेलँडमध्ये अडकलंय, याचा तो पुरावाच आहे.

चित्र पूर्ण दिसतं पण माऊस चालत नाही, याचं कारण निराळं. पडवीत दोन परवानग्या असतात, बघायची एक आणि हात लावायची दुसरी. समोरच्याने पहिलीच दिली असेल तर तुम्ही नुसते प्रेक्षक. दुसऱ्या परवानगीचं बटण त्याच विचारणेच्या चौकटीत असतं आणि घाईत ते राहून जातं.

## आपलं यंत्र कोणत्या पद्धतीवर आहे, ते कसं ओळखावं?

उबंटू २४.०४ वर सेटिंग्ज उघडा, सिस्टिममध्ये अबाउट, आणि तिथे सिस्टिम डिटेल्स. 'विंडोइंग सिस्टिम' या ओळीपुढे वेलँड किंवा एक्स११ असं स्पष्ट लिहिलेलं असतं. फोनवरून काकांना ही ओळ वाचायला सांगितली तर राऊटरची कवायत टळते. हा प्रश्न आता मी सगळ्यांत आधी विचारतो.

## फोनवरून लगेच करता येण्याजोगा उपाय

उबंटू २४.०४ मध्ये दोन्ही पद्धती बसवलेल्या असतात. आत शिरताना कोणती घ्यायची ते निवडता येतं. त्या दिवशी शेवटी काकांना मी हेच सांगितलं. आधी लॉग आउट करा. नावावर टिचकी मारा, पण पासवर्ड लगेच टाकू नका. खाली उजव्या कोपऱ्यात दातेरी चाक दिसेल, त्यावर टिचकी मारा. 'उबंटू ऑन झॉर्ग' असं लिहिलेलं आहे ते निवडा. झॉर्ग म्हणजे एक्स११ चाच चालता कारभारी. आता पासवर्ड टाका.

काका म्हणाले, 'चाक गावला.' दोन मिनिटांत त्यांचा अख्खा पडदा माझ्यासमोर होता. प्रिंटरचं दुखणं तर क्षुल्लक निघालं, कागदाचा आकार चुकीचा निवडला गेला होता.

ही निवड यंत्र लक्षात ठेवतं, रोज करावी लागत नाही. पण हा उपाय किती दिवस पुरेल ते यंत्रावर काय बसवलंय त्यावर आहे. ऑक्टोबर २०२५ मधल्या उबंटू २५.१० पासून त्या दातेरी चाकात झॉर्गची ओळ उरलेली नाही. फेडोरा या दुसऱ्या लिनक्सने २०१६ मध्येच वेलँडला पहिली पसंती दिली होती, उबंटूने २०२१ मध्ये, केडीई प्लाझ्मा या लिनक्सच्या डेस्कटॉपच्या सहाव्या आवृत्तीने २०२४ मध्ये. रेड हॅटच्या मोठ्या उद्योगांसाठीच्या लिनक्सने २०२५ मधल्या दहाव्या आवृत्तीतून झॉर्ग काढूनच टाकलं. उबंटू २४.०४ ला २०२९ पर्यंत आधार आहे, तोवर काकांचं यंत्र झॉर्गवर निभावेल.

आजच नवं काही बसवणार असाल आणि यंत्र जुनं असेल, तर लिनक्स मिंट या लिनक्सच्या दुसऱ्या प्रकाराचा विचार करा. त्याचा नेहमीचा सिनॅमन डेस्कटॉप अजून एक्स११ वरच चालतो, वेलँड तिथे प्रयोग म्हणून ठेवलेलं आहे. घरच्या मोठ्या माणसांना दूरवरून मदत करणं एवढीच गरज असेल, तर आज मी मिंटच बसवीन.

## 'मग जुनंच बरं होतं, बदललं कशाला?'

हा आक्षेप मी बऱ्याच जणांकडून ऐकला, आणि त्या काळ्या पडद्यासमोर माझ्याही मनात तोच होता. एक कारण कारागिरीचं आहे. जवळजवळ चाळीस वर्षांच्या घराला डागडुजी करत राहणं अवघड होतं. वेगवेगळ्या आकारांचे दोन पडदे, बारीक ठिपक्यांचे नवे मॉनिटर, फाटल्यासारखं न दिसणारं चित्र, हे सगळं एक्स११ मध्ये ठिगळं लावून करावं लागे, आणि ज्यांनी ती ठिगळं लावली त्यांतलेच अनेक जण वेलँडकडे गेले.

माझ्यासाठी महत्त्वाचं कारण दुसरं आहे, ते म्हणजे काका. रिमोट ॲप फोनमध्ये घालायला लावून, त्यातून पडदा बघून, यूपीआयने खाती रिकामी करण्याचे प्रकार इतके वाढले की रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्ये बँकांना त्याबद्दल सावध केलं होतं. 'मी बँकेतून बोलतोय, हे ॲप घाला' म्हणणारा माणूस आणि मी, दोघेही काकांकडे एकच गोष्ट मागतो: तुमचा पडदा मला दाखवा. जुन्या घरात, एकदा आत शिरलेल्याला पुढे कुणी विचारत नाही. नव्या घरात यंत्र स्वतः थांबून काकांना विचारतं. ती चौकट त्रासाची वाटते, पण ती काकांना एक श्वास घ्यायला वेळ देते, आणि तेवढ्या वेळात माणूस मला फोन करू शकतो. अर्थात भूल पडलेला माणूस 'हो'ही दाबतो, म्हणून काकांना एक नियम घालून दिला आहे: आधी मी फोन करणार, माझा आवाज ओळखणार, मगच 'हो'. असा प्रकार कुणाच्या घरी घडलाच तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला ताबडतोब फोन करायचा. हा आकडा काकांच्या मॉनिटरच्या कडेला चिकटवलेला आहे.

## 'विंडोजवर असं कधी होत नव्हतं'

होत होतं, आपल्या लक्षात आलं नाही. विंडोजमध्ये 'या प्रोग्रामला बदल करू द्यायचे का' असं विचारताना पडदा अंधारतो, तेव्हा रिमोटवाल्याला बऱ्याचदा काहीच दिसत नाही, समोरच्यालाच 'हो' दाबावं लागतं. मॅकवर २०१९ मधल्या कॅटालिना या आवृत्तीपासून पडदा टिपायला वेगळी परवानगी द्यावी लागते, नाही तर तिथेही नुसता रिकामा डेस्कटॉप दिसतो. अँड्रॉइड फोनही पडदा दाखवण्याआधी विचारतो. सगळीच घरं कड्या लावतायत. लिनक्समध्ये दोन पद्धती एकदम नांदत असल्याने ठेच जास्त लागते, इतकंच.

## वेलँडवर राहूनच काम कसं चालवायचं?

एक वाट अशी, की तुम्ही वापरता त्या सॉफ्टवेअरची ताजी आवृत्ती पडवीतून चालते का ते पाहायचं. बऱ्याच सॉफ्टवेअरांनी ती रीत शिकून घेतली आहे, काहींनी अर्धवट. उदाहरणार्थ रस्टडेस्क हे रिमोट सॉफ्टवेअर वेलँडवर चालतं, पण जोडताना समोरच्या पडद्यावर परवानगीची चौकट येते. त्या चौकटीत 'हे लक्षात ठेवा' असा पर्याय दिसला तर गावी असतानाच त्यावर खूण करून ठेवावी.

दुसरी वाट मला जास्त भरवशाची वाटते. कारभाऱ्यानेच पडदा दाखवायची सोय आत दिलेली असते. उबंटू २४.०४ वर सेटिंग्ज, सिस्टिम, रिमोट डेस्कटॉप इथे जा. ही सोय आरडीपीवर चालते. आरडीपी ही मायक्रोसॉफ्टची जुनी बोलण्याची रीत, त्यामुळे विंडोजचा नेहमीचा रिमोट डेस्कटॉपही या लिनक्स यंत्राशी बोलू शकतो. तिथे दोन खाने दिसतील. डेस्कटॉप शेअरिंगमध्ये काका समोर बसून जे बघतात तेच तुम्हाला दिसतं. रिमोट लॉगिनमध्ये यंत्रावर तुमच्यासाठी वेगळाच पडदा उघडतो आणि समोर कुणी नसलं तरी तो चालतो. काकांना मदत करायची तर पहिला खाना. घर बंद आहे आणि यंत्रातली फाइल हवी आहे, तर दुसरा.

पहिल्या खान्याचे दोन खोडे मला सोसावे लागले. पडदा कुलूपबंद झाला की जोडणी तुटते, म्हणून हंगामापुरतं आपोआप कुलूप लागणं बंद ठेवलं. दुसरा खोडा जास्त फसवा आहे. पासवर्ड न विचारता यंत्र थेट सुरू व्हावं अशी सोय केली असेल, तर रिमोटचा पासवर्ड ज्या पेटीत ठेवलेला असतो ती पेटीच उघडत नाही. पेटीची किल्ली म्हणजे तुमचा सुरुवातीचा पासवर्ड, आणि तो तर कुणी टाकलेलाच नसतो. मग काल चाललेली जोडणी आज नाकारली जाते. काकांना मी सकाळी पासवर्ड टाकायची सवय लावली, प्रश्न मिटला.

आणि इथे फेरीबोटीची सोय आपली आपण करावी लागते. आकडा टाकून जोडणाऱ्या सॉफ्टवेअरांची स्वतःची बोट असते, म्हणजे त्यांचे सर्व्हर मधे उभे राहून दोन्ही बाजूंना जोडून देतात. आरडीपीला अशी बोट नाही. गावाकडच्या फायबर किंवा मोबाइल इंटरनेटवर बहुतेकदा अनेक घरं बाहेरच्या एकाच पत्त्यामागे असतात, त्यामुळे बाहेरून थेट आपल्या घरापर्यंत पोचता येत नाही. राऊटरला भोक पाडून आरडीपीचा ३३८९ हा दरवाजा जगाला उघडा करणं तर कधीच करू नका, असे उघडे दरवाजे शोधत फिरणारी यंत्रं इंटरनेटवर चोवीस तास चालू असतात. त्याऐवजी वायरगार्ड किंवा टेलस्केलसारखा खासगी बोगदा दोन्ही यंत्रांवर बसवा आणि त्यातून जा. बसवायला एक संध्याकाळ पुरते.

## वीज गेली, परत आली आणि यंत्र गप्प

आपल्याकडे पावसाळ्यात हे रोजचंच. यंत्र बंद पडतं, वीज येते, आणि मग दूरवरून काही केल्या जोडता येत नाही. यात तीन वेगवेगळ्या गोष्टी एकमेकींत मिसळतात.

यंत्र सुरूच झालेलं नसतं. बायॉसमध्ये, म्हणजे यंत्र चालू होतानाच्या पहिल्या सेटिंगमध्ये, वीज परत आल्यावर आपोआप सुरू होण्याचा पर्याय असतो, तो बऱ्याच डेस्कटॉप यंत्रांत मिळतो. लॅपटॉप असेल तर झाकण लावल्यावर किंवा वेळ गेल्यावर झोपायची सवय बंद करायला हवी.

यंत्र सुरू होऊन पासवर्डच्या पडद्यावर थांबलेलं असतं. इथे बरेच जण अडकतात, झॉर्ग निवडलेलेसुद्धा. कारण दातेरी चाकातली ती निवड पासवर्ड टाकल्यानंतरची. पासवर्ड विचारणारा पडदा स्वतः वेलँडवरच चालत असतो, आणि जुन्या रीतीच्या सॉफ्टवेअरला तो दिसत नाही. उबंटूवर ईटीसी फोल्डरात जीडीएम३ नावाचं फोल्डर आहे, त्यातल्या 'कस्टम' नावाच्या कॉन्फ फाइलमध्ये 'WaylandEnable=false' अशी ओळ आधीच लिहून ठेवलेली असते. तिच्यापुढचं # हे चिन्ह काढलं की तो पडदाही झॉर्गवर येतो. ही फाइल बदलायला प्रशासकाचा पासवर्ड लागतो आणि नंतर यंत्र पुन्हा सुरू करावं लागतं. फोनवरून हे सांगायला जाऊ नका, समोर बसूनच करा.

तिसरी गोष्ट म्हणजे मॉनिटरच जोडलेला नसतो किंवा बंद असतो. काही यंत्रं पडदा सापडला नाही तर चित्रच तयार करत नाहीत. एचडीएमआयच्या खाचेत घालायचा खोटा पडदा मिळतो, बोटाच्या पेराएवढा. तो घातला की मॉनिटर आहे असं यंत्राला वाटतं.

## निघायच्या आदल्या दिवशीची चाचणी

दिवाळीत मी समोरच बसलेलो होतो, म्हणून रिमोट चालतं का ते तपासलंच नाही. यंदा गणपतीला गेलो की निघायच्या आदल्या दुपारी तपासणार. घरच्या वाय-फायवरून तपासून उपयोग नाही. एकाच घरातली दोन यंत्रं बोटीशिवायच एकमेकांना भेटतात आणि सगळं ठीक आहे असा भास होतो. लॅपटॉप घेऊन खळ्याच्या टोकाला जायचं, फोनच्या मोबाइल डेटावर जोडायचं आणि काकांना त्यांच्या जागी बसवून परवानगीची चौकट त्यांच्याच हातून दाबून घ्यायची. चित्र आलं की माऊस चालतो का ते बघायचं. मग पडदा कुलूपबंद करून पुन्हा जोडायचं. शेवटी काकांना सांगून यंत्राची वीज बटणावरूनच बंद करायची, पाच मिनिटांनी चालू करायची आणि कुणीही आत न जाता खळ्यातूनच जोडून बघायचं.

काकांना ही योजना फोनवर सांगितली. त्यांनी विचारलं, 'पाऊस असलो तर?' तेव्हा पडवीत बसून करू म्हटलं, तिथे वाय-फाय तेवढं बंद ठेवायचं.